‘ऑटो कलर’ने जुन्या फोटोंचे मूळ रंग परत येत नाहीत

जुन्या स्लाइड, निगेटिव्ह आणि छापील फोटो घरच्या घरी स्कॅन करण्याविषयीचा एक संदेश सध्या फार फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: स्कॅनरचे रिझोल्यूशन सर्वांत वर ठेवले की रंग अचूक येतात; स्लाइड, निगेटिव्ह आणि कागदावरचा फोटो या तिन्हींना एकच सेटिंग पुरते; ‘ऑटो कलर’ दाबले की उडालेले मूळ रंग परत येतात; धूळ काढण्याची सोय कायम चालू ठेवावी; स्कॅनर नसल्यास मोबाइलचे नेहमीचे कॅमेरा अॅप चालते; आणि काम झाल्यावर मूळ फिल्म उगीच जागा अडवते, म्हणून ती टाकून द्यावी. हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने स्लाइडचे डबे टाकण्यासाठी बाजूला काढले, म्हणून त्याचे उत्तर लिहिणे मला भाग पडले.

रिझोल्यूशनचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. एका इंचात किती बिंदू टिपले जातात, एवढेच ते सांगते. २४०० डीपीआयला चुकलेला रंग ४८०० डीपीआयलाही तितकाच चुकलेला असतो, फक्त फाइल मोठी होते. रंगासाठी पाहायची संख्या वेगळीच आहे, ती बिटची. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवी, निळी) २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. फिकट पडलेल्या फिल्मचे रंग नंतर बरेच ताणावे लागतात आणि तेव्हा २५६ पायऱ्या अपुऱ्या पडून आकाशासारख्या सलग भागात पट्टे दिसू लागतात. संदेशात याचा उल्लेखही नाही.

तिन्हींना एकच सेटिंग हा सल्ला देणाऱ्याने निगेटिव्ह कशी बनते याचा विचारच केलेला दिसत नाही. स्लाइडच्या बाबतीत ‘अचूक रंग’ या शब्दांना निश्चित अर्थ आहे, कारण तिच्यावर चित्र सुलट, खऱ्या रंगांत असते आणि समोरची फिल्म हीच प्रमाण असते. ज्ञात मूल्यांचे रंगचौकोन असलेली आयटी-८ ही प्रमाणपट्टी स्कॅन करून त्या स्कॅनरचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगचुका दुरुस्त करणारा तक्ता, बनवता येते. तेही फिल्मच्या जातीप्रमाणे वेगळे लागते. एक्टाक्रोम या स्लाइड-फिल्मसाठी बनवलेल्या प्रोफाइलने कोडॅक्रोम ही दुसऱ्या जातीची फिल्म स्कॅन केली तर निळसर झाक येते, कारण दोघींतील रंगद्रव्ये वेगळी आहेत. छापील फोटोला परावर्तित प्रकाशासाठीची निराळी पट्टी लागते. रंगीत निगेटिव्हला मात्र असे प्रमाण मुळातच नसते. तिच्यावरून कोणते रंग उमटायचे हे कागद आणि छापणाऱ्याचा निर्णय ठरवत असे.

त्यात तिचा नारंगी रंग. तो मळ नव्हे, डाग नव्हे आणि वयाचा परिणामही नव्हे. निगेटिव्हमधील मॅजेंटा (किरमिजी) आणि सायन (हिरवट निळे) रंगद्रव्ये जो प्रकाश शोषायला नको तोही थोडा शोषतात. हा दोष भरून काढण्यासाठी १९४०च्या दशकात कोडॅक या फिल्म कंपनीतील डब्ल्यू. टी. हॅन्सन यांनी रंगीत कपलरची (फिल्म धुताना रंगद्रव्य तयार करणाऱ्या रसायनाची) युक्ती शोधली. जिथे रंगद्रव्य तयार होते तिथे कपलरचा स्वतःचा रंग नाहीसा होतो, त्यामुळे नको असलेले शोषण सगळ्या चौकटीभर (फिल्मवरच्या एका फोटोभर) सारखे होते आणि छापताना एकदाच वजा करता येते. म्हणून निगेटिव्ह नुसती उलटी केली की चित्रावर निळी झाक पसरते. योग्य रीत अशी, की चौकटींमधल्या कोऱ्या फिल्मचे मूल्य आधी घ्यावे, प्रत्येक वाहिनीला त्याने भागावे, मगच उलटे करावे आणि त्यानंतर तिन्ही वाहिन्यांचे वक्र (गडद ते उजळ छटा किती बदलायच्या हे ठरवणाऱ्या रेषा) स्वतंत्रपणे जुळवावेत. एका रोलवर बसलेली ही जुळणी त्याच रोलच्या बाकीच्या चौकटींनाही बहुतांशी लागू पडते. दुसऱ्या फिल्मला ती लागू पडेलच असे नाही.

आता ‘ऑटो कलर’. संदेशातील हा दावा सर्वांत पटण्यासारखा दिसतो आणि म्हणूनच सर्वांत जास्त नुकसान करतो. हे बटण दाबल्यावर सॉफ्टवेअर सहसा दोनपैकी एक गोष्ट करते: प्रत्येक वाहिनीतला सर्वांत गडद बिंदू काळा आणि सर्वांत उजळ बिंदू पांढरा मानून मधला भाग ताणते, किंवा चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असली पाहिजे असे गृहीत धरते. सूर्यास्ताच्या चित्रात ही दोन्ही गृहीतके खोटी आहेत, म्हणून संध्याकाळचा तांबूस प्रकाश दोष समजून पुसला जातो. दाट जंगलाच्या चित्रात हिरवा रंग कमी होऊन दगडांवर आणि खोडांवर जांभळट छटा चढते. यात मूळ रंगाची कोणतीही माहिती वापरलेली नसते, कारण ती सॉफ्टवेअरजवळ नसतेच.

फिल्म विटलेली असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. या विषयावर रंगीत फोटोंच्या टिकाऊपणाचे अभ्यासक हेन्री विल्हेम यांचे १९९३ साली प्रसिद्ध झालेले ‘द पर्मनन्स अँड केअर ऑफ कलर फोटोग्राफ्स’ हे पुस्तक मी प्रमाण मानतो. अंधारात ठेवल्यावर होणारे विटणे आणि उजेडाने होणारे विटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्यात सविस्तर मांडले आहे. अनेक जुन्या फिल्म आणि कागदांवर अंधारात लाल प्रकाश अडवणारे सायन रंगद्रव्य आधी जाते, म्हणून कपाटात जपून ठेवलेले फोटोही लालसर होतात. उजेडात हा क्रम बदलतो. कोडॅक्रोम अंधारात अनेक दशके उत्तम टिकते, परंतु प्रोजेक्टरच्या प्रकाशात ती भराभर फिकट होते. म्हणजे एकाच डब्यात शेजारी ठेवलेल्या, एकाच वर्षी काढलेल्या दोन स्लाइड फिल्मच्या जातीमुळे किंवा त्यांपैकी एक वारंवार पडद्यावर दाखवल्यामुळे निरनिराळ्या तऱ्हेने विटलेल्या असू शकतात. मग सगळ्या डब्याला एक बटण कसे पुरेल?

शिवाय एकाच चौकटीतले विटणेही सगळीकडे सारखे नसते. जिथे सायन भरपूर होते त्या सावल्यांमध्ये जास्त हानी होते आणि त्या लालसर दिसतात. पांढऱ्या भागात उडण्यासारखे काही नव्हते, तिथे उलट पिवळसर डाग चढलेला असतो. एका रंगाचा सरकता दांडा हलवून सावल्या सुधारल्या की उजळ भाग बिघडतो. लाल वाहिनीतला हरवलेला कॉन्ट्रास्ट वक्राने परत वाढवावा लागतो आणि उजळ भागातील पिवळेपणा निळ्या वाहिनीच्या टोकाशी वेगळा काढावा लागतो. लाल पडलेल्या स्लाइडवर ऑटोने डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो, हे मला मान्य करावे लागते, आणि सुरुवात म्हणून तो वापरायला हरकत नाही. पण बरे दिसणे आणि मूळ रंग परत मिळणे यांत फार अंतर आहे. जिथे रंगद्रव्य पूर्ण गेले तिथली माहितीही गेली. त्यानंतर सॉफ्टवेअर जे भरते तो अंदाज असतो, आणि घरातल्या माणसाच्या चेहऱ्याचा वर्ण अंदाजाने ठरवला जावा हे मला सहन होत नाही.

धूळ काढण्याची सोय अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालते. रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात. कृष्णधवल फिल्ममधील चांदी त्यांना अडवते, त्यामुळे चित्रालाच धूळ समजून सॉफ्टवेअर त्यातले तपशील पुसते. कोडॅक्रोमवरही या सोयीने गडबड होते. तेव्हा ‘कायम चालू’ हा सल्ला चूक आहे.

मोबाइलबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. कॅमेऱ्याने फिल्म टिपणे ही वाईट पद्धत नाही. मॅक्रो लेन्स, रंग नीट दाखवणारा प्रकाशस्रोत, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल आणि हाताने ठरवलेला, न बदलणारा व्हाइट बॅलन्स (पांढरे कशाला मानायचे याची सेटिंग) असेल तर तिचे निकाल चांगल्या स्कॅनरच्या तोडीचे येतात. मोबाइलचे नेहमीचे कॅमेरा अॅप मात्र प्रत्येक चौकटीचा व्हाइट बॅलन्स नव्याने ठरवते, आणि संदेश याच अॅपची शिफारस करतो.

मूळ फिल्म टाकून देण्याचा सल्ला तर अक्षम्य आहे. स्कॅन म्हणजे एका यंत्राने, एका दिवशी, विशिष्ट सेटिंगवर केलेले वाचन. उद्या चांगले यंत्र हाती आले तर पुन्हा वाचण्यासाठी फिल्मच लागते. स्कॅनमध्ये रंग चुकला आहे की फिल्मच तशी आहे, हे तपासायलाही दुसरा पुरावा नाही. म्हणून कोणतीही सुधारणा न केलेली १६ बिटची टिफ फाइल प्रोफाइलसह वेगळी ठेवावी, सुधारणा तिच्या प्रतीवर कॅलिब्रेट केलेल्या (रंग मोजून जुळवलेल्या) मॉनिटरसमोर कराव्यात, आणि स्लाइड व निगेटिव्ह थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. थंडीत विटण्याचा वेग बराच मंदावतो. माळ्यावर किंवा तापणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात त्या ठेवू नयेत.