'आहे' दिसलं की आयएनजी

नोकरीच्या मुलाखतीत एखादा मुलगा "आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स" म्हणाला की टेबलापलीकडे कुणीतरी गालातल्या गालात हसतंच. मग अशा वाक्यांची रील्स होतात, व्हॉट्सॲपवर फिरतात आणि सगळ्यात मोठ्याने आपणच हसतो. मी बरीच वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. माझं म्हणणं एवढंच, की हसायचंच असेल तर त्या मुलाला नको, त्याच्याकडून घोकून घेतलेल्या सूत्राला हसा.

सूत्र तुम्हालाही पाठ असेल. वाक्याच्या शेवटी 'त आहे' आलं की ॲम-इज-आर आणि क्रियापदाला आयएनजी. 'होता' आलं की वॉज-वेअर. 'असेल' आलं की विल बी. फळ्यावर तीन ओळी, आणि झाला चालू काळ शिकवून! २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. इंग्रजी चार वर्षं खाली सरकलं, सूत्र मात्र जिथल्या तिथे.

अडचण अशी की आपलं 'आहे' एकटं चार ठिकाणी राबतं. 'तो जात आहे' म्हणजे काम चालू. 'तो गेला आहे' म्हणजे काम संपलं. 'तो डॉक्टर आहे' ही ओळख. 'त्याला दोन बहिणी आहेत' हे नातं. मुलाच्या कानावर शेवटचं 'आहेत' पडलं की हात आपोआप आयएनजीकडे वळतो. 'हॅव्ह' म्हणजे जवळ असणे, हेही त्याने पाठ केलेलं असतं. दोन पाठांतरं एकमेकांवर आदळली की बहिणी 'हॅविंग' होतात. मी वर्गात सांगते, "आय ॲम हॅविंग लंच म्हणता येतं, कारण जेवण सुरू होतं आणि संपतं. बहिणी संपतात का?" वर्ग खो खो हसतो आणि पुढे सहसा कुणी चुकत नाही. यात कुठलंही सूत्र नाही.

दुसरं रीलचं आवडतं वाक्य म्हणजे "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग". आता मराठीत बघा. मला कळतंय, दिसतंय, ऐकू येतंय, आठवतंय, वाटतंय. कळणं आपल्याकडे या घडीला चालू असू शकतं, वाढू शकतं, मध्येच थांबूही शकतं. फोनवर आपण "आवाज येतोय का?" असं विचारतो. इंग्रज माणूस त्याच वेळी "कॅन यू हिअर मी?" म्हणतो. त्याच्या भाषेत कळणं, माहीत असणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत, घडामोडी नाहीत, म्हणून तिथे तो सहसा आयएनजी लावत नाही. 'अंडरस्टँडिंग' म्हणणाऱ्या मुलाचा विचार पक्का असतो, फक्त तो मराठी विचार असतो. आणि ही काही आपलीच खोड नाही. स्कॉटलंडमध्ये लोक "आयम वाँटिंग", "आयम नीडिंग" सर्रास म्हणतात. त्याला तिथली बोली म्हणतात, आपल्याला मात्र चुकलं म्हणतात.

याच्या उलटी चूक मात्र रीलवाल्यांच्या लक्षातच येत नाही. आजोबा झोपलेत. ती खुर्चीत बसली आहे. तिने निळी साडी नेसली आहे. मराठीला या क्रिया झालेल्या दिसतात. झोपण्याची, बसण्याची, नेसण्याची क्रिया होऊन गेली, आता तिचा परिणाम समोर आहे. 'ती बसतेय' म्हटलं तर डोळ्यापुढे खुर्चीत टेकू लागलेली बाई येते. इंग्रजी मात्र या सगळ्यांना चालू मानतं. ही इज स्लीपिंग, शी इज सिटिंग, शी इज वेअरिंग. सूत्रवाला मुलगा 'झोपलेत' बघतो, तिथे 'त आहे' नाही, मग तो प्रामाणिकपणे "ही हॅज स्लेप्ट" लिहितो. शिक्षक लाल फुली मारतात. का, ते सांगत नाहीत. बहुतेक वेळा त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे सगळा राग त्यांच्यावर काढण्यात अर्थ नाही.

'आत्ता घडतंय ते सांगायचं असेल तर चालू काळ' हे सूत्राचं थोडं सुधारलेलं रूप. तेही लंगडं आहे. इंग्रजी क्रिकेट कॉमेंट्री ऐका. चेंडू आत्ता, या क्षणी मारला जातोय, आणि कॉमेंटेटर "ही ड्राइव्ज" म्हणतो, "ही इज ड्रायव्हिंग" नाही. कारण फटका क्षणात आटोपतो, त्याच्या पोटात शिरून बघायला सवड नसते. म्हणजे घड्याळात किती वाजले यावर हे ठरत नाही. बोलणारा त्या घटनेकडे कुठून बघतो यावर ठरतं. बाहेरून अख्खी बघतो, की आत उभं राहून अर्धवट?

ही नजर मराठी मुलाकडे जन्मापासून असते. 'मी पुण्यात राहतो' आणि 'सध्या पुण्यात राहतोय' यातला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. आय लिव्ह, आय ॲम लिव्हिंग, अगदी तसंच. 'तू उद्धट आहेस' आणि 'तू उद्धटपणा करतोयस' यातलं पहिलं ऐकून भांडण होईल, दुसरं ऐकून कदाचित माफी मिळेल. इंग्रजीत यू आर रूड, यू आर बीइंग रूड. इतकंच कशाला, इंग्रजी ईमेलमध्ये "आय वॉज वंडरिंग इफ" हे भूतकाळातलं वाक्य आत्ताच्या विनंतीसाठी का वापरतात, असं मुलं हमखास विचारतात. मी म्हणते, शेजारच्या काकूंकडे काम असलं की दारात उभं राहून काय म्हणता? "काकू, जरा विचारायचं होतं." होतं! विचारायचंय आत्ता, पण 'होतं' म्हटलं की समोरच्यावर जोर पडत नाही. हे समजावताना मराठी वर्गाबाहेर ठेवायची, इंग्लिश स्पीकिंगच्या अनेक क्लासेसमध्ये असते तशी मराठी बोलल्यास दंड अशी पाटी लावायची, हा मला निव्वळ वेडेपणा वाटतो. मुलाचा मराठी कान हेच त्याचं सगळ्यात मोठं भांडवल, आणि आपण तेच दाराबाहेर काढून ठेवायला लावतो.

बरं, ज्यांच्या नावाने आपण हे नियम इतके ताठ करून शिकवतो, त्यांच्याकडे तरी हे कायम असेच होते का? शेक्सपिअरचा पोलोनियस पुस्तक वाचणाऱ्या हॅम्लेटला विचारतो, "व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?" आज सहावीतल्या मुलाने हे लिहिलं तर मार्क कापतील. घर बांधलं जात असेल तर अठराव्या शतकातला इंग्रज "द हाउस इज बिल्डिंग" म्हणायचा. "इज बीइंग बिल्ट" हे रूप त्या शतकाच्या अखेरीस रुळू लागलं तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन टीकाकाराने १८७० साली आपल्या पुस्तकात त्याच्याविरुद्ध एक अख्खं प्रकरण लिहिलं. आज तेच रूप आपल्या पोरांना प्रयोग बदला म्हणून शिकवलं जातं. आणि 'लव्ह' हे स्थितीचं क्रियापद, त्याला आयएनजी नको, असं सांगावं तर समोर मॅकडोनाल्ड्सची पाटी, 'आयम लव्हिंग इट'. ती मोहीम २००३ साली म्युनिकमध्ये सुरू झाली. जर्मन भाषेत ती साधी 'इश लीबे एस' अशी होती, कारण प्रमाण जर्मनमध्ये असं वेगळं चालू रूपच नाही. त्यावाचून जर्मनांचं काही अडलेलं दिसत नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार, "म्हणजे मॅडम, काहीही बोललं तरी चालवून घ्यायचं?" अजिबात नाही. मुलाखत घेणाऱ्याला स्कॉटलंडची बोली माहीत नसते आणि मुलाला नोकरी हवी असते. "आय ॲम वर्किंग इन अ बँक" ऐकून समोरच्याला नोकरी तात्पुरती आहे की काय असं वाटू शकतं, हे त्याला माहीत असायलाच हवं. "आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स टू इयर्स" च्या जागी "हॅव्ह बीन स्टेइंग फॉर" यायला हवं. तेही मी तळमळीने शिकवते, पुन्हा पुन्हा म्हणून घेते. माझं भांडण शुद्ध इंग्रजीशी नाही. शेपटी बघून काळ ओळखायला लावणाऱ्या पद्धतीशी आहे.

त्या पद्धतीचं मूळ प्रश्नपत्रिकेत आहे. 'ही रीड्स अ बुक' एवढंच वाक्य द्यायचं आणि खाली लिहायचं, चालू भूतकाळ करा. कोण वाचतोय, कधी, मध्ये काय घडलं, काही पत्ता नाही. असल्या प्रश्नाला सूत्राखेरीज दुसरं उत्तरच नसतं. त्याऐवजी प्रसंग द्या. वडील दारात आले, मुलगा टीव्हीसमोर आहे, पुस्तक मांडीवर उघडं आहे. तो 'आय रीड' म्हणेल की 'आय वॉज रीडिंग', आणि का? अर्धे मार्क या 'का'ला ठेवा. ते उत्तर मराठीत लिहिलं तरी चालेल असं वर कंसात छापा.