पैसे देऊन स्वतःच भाजायचं?

सकाळी सकाळी ग्रुपवर मेसेज. "कालचं बिल बघितलं का रे? एवढे पैसे मोजायचे आणि वर भाजायचं पण आपणच? हॉटेलवाला कच्चं आणून ठेवतो टेबलावर, लई भारी धंदा!" खाली हसून लोळणारे पाच इमोजी.

मला काही हसू आलं नाही. हे लिहिणाऱ्या गृहस्थाने काल अडीच तासांत चिमट्याला हात लावलेला नाही. भाजत होता पक्या.

काल आम्ही चौघं पुण्यातल्या एका कोरियन हॉटेलात गेलो होतो. खरंखुरं, कोरियन बाई चालवतात ते. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे इकडे कोरियन मंडळी राहतात आणि अशी हॉटेलं चालतात. आपण ड्रामे बघून मागाहून घुसलो. टेबलाच्या मधोमध शेगडी, वरून धूर ओढणारं नळकांडं लोंबतंय. सामग्योप्सल मागवलं. डुकराच्या पोटाकडचं मांस, नावाचा अर्थच 'तीन थरांचं मांस'. लांब पट्ट्या येतात. त्या उलटायच्या, कात्रीने (हो, कात्रीने) कापायच्या, कडेने लाल झाल्या की उचलायच्या. जरा नजर हटली की करपलं. आम्ही तिघं लेट्यूसच्या पानावर तुकडा, लसणाची पाकळी आणि सामजांग नावाची तिखट-खारट चटणी ठेवून, विडा करून तोंडात कोंबत होतो. तो विडा अर्धा तोडायचा नसतो, एका घासात घ्यायचा. म्हणजे बोलायलाही तोंड रिकामं नाही. पक्याची प्लेट कोरडी, हे कुणाच्या ध्यानात येणार?

आलं त्या मालकीणबाईंच्या. कोरियात अशा बाईंना गिऱ्हाईकं 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आपल्या कँटीनच्या मावशी असतात ना, अगदी तस्संच. या मावशी आल्या, पक्याच्या हातातून चिमटा-कात्री काढून घेतली, एक विडा बांधला आणि थेट त्याच्या तोंडाशी नेला. चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, त्याने लहान मुलासारखा आ केला.

आणि मी? मी शेगडीचा व्हिडिओ काढत होतो. चरबी तडतडते तो आवाज छान येतो म्हणून.

महाग आहे, मान्य. केसांना, शर्टाला वास बसतो, तेही मान्य. शाकाहारी मित्राला नेऊ नका, बिचारा भात खाऊन येईल. किमचीतसुद्धा (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचं पाणी असतं. पण हाच गृहस्थ काल किमचीला 'सडका कोबी' म्हणाला, याचं काय करू? याच्या घरी सुकट परतली की जिन्यापर्यंत कळतं! किमची, मुळा, मोड आलेलं कडधान्य असल्या वाट्या टेबलभर ठेवल्या होत्या, संपल्या की मावशी फुकट भरून देत होत्या. तेव्हा नाही आठवलं बिल. तिसऱ्यांदा वाटी यानेच पुढे केली.

दर थंडीत हा हुरड्याला जातो. पैसे भरून. तिथे आगटीपाशी कुणीतरी धुरात डोळे चोळत बसलेलं असतं, गरम कणीस तळव्यावर चोळून दाणे आपल्या हातात देतं. तेव्हा याला 'काय मजा आली' वाटतं. कारण तिथेही भाजणारा हा नसतो.

जाऊ दे. चिडून उपयोग नाही, माणूस वाईट नाही तो. गेल्या वर्षी माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर बाकड्यावर बसला होता. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातून तो मेसेज कधीच गेलाय, मावशींचा हात जात नाहीये. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला कोरियन. भरल्या टेबलावर कोण उपाशी आहे ते त्यांना दिसलं. वीस वर्षांच्या मित्रांना नाही दिसलं. विडा बांधायला किती वेळ लागतो? एक पान, एक तुकडा.

ग्रुपवर अजून बिलाचीच चर्चा चालू आहे. कुणी किती खाल्लं, कुणी किती द्यायचे. पक्याने काही लिहिलेलं नाही. त्याच्या वाट्याचे पैसे मात्र सकाळी सात वाजताच माझ्या खात्यात आलेत, सगळ्यांत आधी.

मी परत पाठवले. त्याने पुन्हा पाठवले.