भुईरिंगणीही नव्हे आणि सोडोमचे सफरचंदही नव्हे

काटेरी झुडूप, जांभळी फुले आणि पिवळी गोल फळे असे एक छायाचित्र सध्या पुढे पाठवले जात आहे. सिसिली आणि दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यांवर उगवणारी ही वनस्पती आपली भुईरिंगणीच आहे, ती प्राचीन काळापासून तिथलीच आहे, ज्यू इतिहासकार जोसीफसने वर्णिलेले सोडोमचे (बायबलमधील, मृत समुद्राजवळच्या नष्ट झालेल्या नगराचे) सफरचंद ते हेच, आणि खोकल्यावर तिचा काढा चालतो, असे सोबतच्या मजकुरात म्हटले आहे.

पहिला दावा सहज पटण्यासारखा आहे. वांग्याच्या कुळातील या दोन्ही वनस्पतींची फुले जांभळी असून, कच्च्या फळांवर कलिंगडासारखे हिरवे-पांढरे पट्टे असतात आणि पिकल्यावर ती पिवळी होतात. त्यामुळे केवळ फळाच्या छायाचित्रावरून निदान करू नये. भुईरिंगणी नावाप्रमाणे जमिनीलगत पसरते आणि तिचे काटे लांब, सरळ, पिवळसर असतात. छायाचित्रातील झुडूप मात्र ताठ उभे, मीटरभर उंच वाढते, त्याच्या पानांच्या खोल खंडांची टोके गोलसर असतात आणि फळही बरेचदा अधिक मोठे, दोन-तीन सेंटिमीटरचे असते. हे सोलॅनम लिनीएनम होय.

ती मूळची तिथली, हेही खरे नाही. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेत असून भूमध्य समुद्राकाठी ती बाहेरून येऊन रुळली आहे. तिला पूर्वी सोलॅनम सोडोमियम म्हणत असत. आजचे नाव 1986 मधले आहे. गैरसमजाला त्या जुन्या नावाचाही हातभार लागला असावा.

पहिल्या शतकातील जोसीफसने लिहिले ते असे की, मृत समुद्राजवळची ही फळे दिसायला खाण्याजोगी, पण तोडताच त्यांचा धूर आणि राख होते. लिनीएनमचे फळ भरीव, बियांनी गच्च असते. ते फुटून उडत नाही. म्हणूनच अनेक अभ्यासक हे वर्णन त्या भागात वाढणाऱ्या, आपल्या रुईच्या सख्ख्या भावंडाला लावतात: त्याचे फुगीर फळ दाबले की फट्‌कन फुटते आणि आत गराऐवजी रेशमी तंतू निघतात.

काढ्याचा सल्ला तर धोक्याचाच आहे. आयुर्वेदातील दशमुळांत, म्हणजे औषधी दहा मुळांत, आहे ती भुईरिंगणी. लिनीएनमच्या फळांत सोलासोनीन, सोलामार्जिन यांसारखी विषारी द्रव्ये असतात. वांग्याशी तिचा संकर करता येतो आणि वांग्याच्या जनुकीय अभ्यासासाठी तो केलाही गेला आहे, परंतु एवढ्यावरून तिचे फळ खाण्याजोगे ठरत नाही.