‘शॅडोत टील, हायलाइटमध्ये ऑरेंज’ सगळ्या लग्नांना चालत नाही

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो आहे: ‘शॅडोमध्ये टील टाका, हायलाइटमध्ये ऑरेंज टाका, कुठलंही फुटेज सिनेमासारखं दिसतं. चेहरे आपोआप उठून येतात. काळ्यातही थोडा निळा राहू द्या. हे सगळं एका लटमध्ये होतं.’ टील म्हणजे निळा-हिरवा, शॅडो म्हणजे चित्रातले गडद भाग, हायलाइट म्हणजे उजळ भाग, आणि लट (LUT) म्हणजे फुटेजवर एकदम लावता येणारा तयार रंग-साचा. शॅडो-हायलाइटला असे वेगवेगळे रंग देण्याला स्प्लिट टोनिंग म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या लग्नांवर हा सल्ला जसाच्या तसा लावला, तर त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य उलटतं.

‘कुठलंही फुटेज’ इथूनच सुरुवात करू. स्प्लिट टोनिंग आलं कृष्णधवल प्रिंटच्या डार्करूममधून. सेपियाचं ब्लीच उजळ भागावर आधी चालतं, सेलेनियम गडद भागावर आधी, म्हणून एकाच प्रिंटमध्ये दोन छटा मिळत. त्या प्रिंटला स्वतःचा रंगच नव्हता, त्यामुळे वरून दिलेली छटा कुणाशी भांडत नव्हती. आपल्या मांडवात रंगांची कमी नाही. डाळिंबी इरकल घ्या: काठापासून निऱ्यांपर्यंत निम्मं कापड वेव्हफॉर्मवर (उजेड ० ते १०० टक्क्यांत दाखवणाऱ्या आलेखावर) ३० टक्क्यांच्या खाली असतं. तिथे टील घातलं की लाल कमी होतो, निळा वाढतो आणि निऱ्यांच्या घड्या मळकट जांभळ्या दिसतात. हळदीच्या पिवळ्या साडीच्या घड्या शेवाळी होतात. साडी घरच्यांनी स्वतः निवडलेली असते. तिचा रंग बदललेला त्यांना पहिल्याच मिनिटाला कळतो, आणि त्यांची तक्रार रास्त असते.

‘चेहरे आपोआप उठून येतात.’ हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो. त्वचा नारिंगीकडे झुकते, टील तिच्या विरुद्ध, म्हणून पार्श्वभूमी टील झाली की चेहरा वेगळा दिसतो, इतकं खरं. पण सॉफ्टवेअरमधलं रंग फिरवायचं चाक ‘पार्श्वभूमी’ ओळखत नाही, ते फक्त उजेड-अंधार ओळखतं. दा विंची रिझॉल्व्ह या रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या लॉग व्हील्समध्ये (शॅडो, मधला भाग, हायलाइट यांची वेगळी चाकं) लो रेंज, म्हणजे शॅडोची वरची सीमा, मुळात ०.३३३ वर असते, आणि ही सीमा एकदम तुटत नाही, हळूहळू विरते. मांडवातला सावळा चेहरा साधारण ३० ते ४५ टक्क्यांत बसतो, त्याची सावलीची बाजू २० पर्यंत उतरते. म्हणजे टील थेट गालावर. परस्परविरोधी रंग एकमेकांना मारतात, आणि जिवंत त्वचा राखाडी होते. त्यात गावाकडच्या मांडवावर निळी ताडपत्री असेल, तर कपाळावर आणि गालाच्या हाडावर निळसर झाक शूटिंगमध्येच आलेली असते. तिच्यावर पुन्हा टील म्हणजे नवरी आजारी दिसणार.

म्हणून क्रम पाळा. पहिल्या नोडमध्ये (नोड म्हणजे दुरुस्तीचा एक टप्पा) व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर, ताडपत्रीची निळाई इथेच काढायची. दुसऱ्यात कॅमेऱ्याच्या लॉगमधून (फिकट दिसणारं कच्चं रेकॉर्डिंग) रेक ७०९ (नेहमीच्या पडद्यांचं रंग-मानक) मध्ये आणा. टोनिंग तिसऱ्यात: लो रेंज ०.२०च्या आसपास आणा, शॅडोचं चाक डोळ्याला दिसेल इतकं फिरवा, मग की पॅलेटमध्ये की आउटपुट गेन (त्या नोडचा एकूण जोर) १ वरून ०.४ वर उतरवा. व्हेक्टरस्कोपवर (रंगाची छटा आणि तीव्रता दाखवणाऱ्या गोल आलेखावर) त्वचेची रेषा घड्याळातल्या अकराच्या दिशेला असते. टोनिंगनंतर चेहऱ्याचा पुंजका तिथून सरकला किंवा केंद्राकडे आक्रसला, तर चाक जास्त झालं. हळद लावलेला चेहरा मात्र पिवळ्याकडे झुकणारच, त्याला ओढून रेषेवर आणू नका.

‘हायलाइटमध्ये ऑरेंज.’ अंतरपाट धरलेला शॉट पाहा. पांढरं कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक, मागून उजेड. ऑरेंज पडलं की कापडावर चहा सांडल्यासारखं दिसतं, आणि जिथे उजेड पूर्ण फाटलाय तिथे तपशीलच नसल्याने सपाट पिवळा ठिपका उरतो. गजऱ्याचंही तेच. पुढच्या नोडमध्ये लम व्हर्सेस सॅट कर्व्हने (उजेडानुसार रंगाची तीव्रता बदलणाऱ्या) सगळ्यात उजळ १० टक्क्यांची तीव्रता खाली ओढा, पांढरं परत पांढरं होतं.

काळ्यातला निळाही त्याच कर्व्हने सुटतो. सगळ्यात गडद ८-१० टक्क्यांची तीव्रता शून्यावर न्या आणि परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखावर) तिन्ही चॅनेलचे तळ एका रेषेत आहेत का बघा. निळ्याचा तळ वर राहिला तर केस निळे दिसतात आणि हॉलमधल्या मोठ्या एलईडी पडद्यावर ते लपत नाही.

लटबद्दल थोडक्यात. रेक ७०९साठी बनवलेली लट लॉगवर लावली तर चित्र फिकट राहतं, लॉगसाठीची रेक ७०९वर लावली तर चेहरे जळतात. ८-बिट फुटेजमध्ये प्रत्येक चॅनेलला उजेडाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. राजहंसगडावरच्या प्री-वेडिंगमधलं संध्याकाळचं आकाश ८-बिटमध्ये असेल, तर जोरकस लट त्याचे पट्टे पाडते.

ही जोडी शोभते कुठे? बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री मशालींचा उजेड उबदार असतो आणि वरचं आकाश काळंनिळं. प्रकाशातच दोन रंग आहेत, टोनिंगने त्यांना हलकं ढकलायचं. कपिलेश्वर तलावावर तिन्हीसांजेच्या विसर्जनालाही चालते. पण पावसाळ्यातल्या खानापूरच्या रानात शॅडो हिरवीच राहू द्या. टीलने पानं प्लॅस्टिकची होतात आणि तांबड्या मातीचा ओलसर रंग मरतो.

शेवटी टोनिंगचा नोड बंद-चालू करताना नजर चेहऱ्यावर नको, इरकलच्या लाल पदरावर ठेवा. पदराचा रंग हलला, तर की आउटपुट गेन आणखी ०.१ उतरवा आणि पुन्हा बघा.