एरिथला परत आणता येत नाही

‘फायनल फँटसी ७’ या व्हिडिओ गेममध्ये अमुक वस्तू जमवल्या की मेलेली एरिथ, म्हणजे नायकाची एक सोबतीण, जिवंत होते, असा दावा पुन्हा फिरतोय. तो खोटा आहे. १९९७च्या मूळ गेममध्ये तशी कुठलीही छुपी वाट नाही. खलनायक सेफिरॉथच्या तलवारीने ती जाते ती कायमचीच, आणि म्हणूनच ही गोष्ट मनात रुतून बसते. तिच्या केसांतून निसटलेला पांढरा मटेरिया, म्हणजे जादूचा छोटा गोळा, टप टप उड्या घेत पाण्यात पडतो. लगेच लढाई सुरू होते, पण संगीत मात्र तिचंच, हळवं, वाजत राहतं. एरवी लढाईत पडलेल्या सोबत्याला उठवायची सवय झालेली असते. इथे काहीच चालत नाही. नायक क्लाउड तिला पाण्यात सोडतो तेव्हा मला आजही भरून येतं.