सह्याद्री वाहिनी म्हणे दिल्लीने पळवली!

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. 'सह्याद्री वाहिनी १९७२ साली महाराष्ट्र सरकारने सुरू केली, भारतातलं पहिलं टीव्ही केंद्र, शंभर टक्के मराठी, पुलंनी उभं केलेलं, आणि १९८२ ला दिल्लीने रातोरात ताब्यात घेऊन हिंदी करून टाकलं. खरे मराठी असाल तर दहा जणांना पाठवा.' एरवी मी असलं काही वाचत पण नाही, पण हा आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सातवीतली भाची तो जसाच्या तसा महाराष्ट्र दिनाच्या भाषणात घालायला निघाली. तिला ते पान खोडायला लावलं म्हणून आता मीच वाईट.

पहिलं केंद्र? नाही हो. दिल्ली, १५ सप्टेंबर १९५९. मुंबई दुसरं, २ ऑक्टोबर १९७२. पुढे.

'सह्याद्री' हे नाव आलं ५ एप्रिल २००० ला. त्याआधी १५ ऑगस्ट १९९४ पासून ती डीडी-१० होती. १९७२ ला वरळीला जे सुरू झालं ते फक्त मुंबई केंद्र, आणि तेही आकाशवाणीच्याच पोटात, कारण टीव्ही रेडिओपासून वेगळा झाला १ एप्रिल १९७६ ला.

आता तो 'महाराष्ट्र सरकारची वाहिनी' वाला मुद्दा, ज्याने माझं डोकं खरंच फिरलं. अहो, राज्यघटनेचं सातवं परिशिष्ट उघडा, केंद्र सूचीतली ३१ वी नोंद बघा: टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी, प्रसारण. प्रसारण हा विषय पहिल्या दिवसापासून केंद्राकडे आहे, राज्याकडे कधी नव्हताच, मग जे राज्याचं नव्हतंच ते दिल्लीने पळवलं कसं? घटना वाचायचा कंटाळा असेल तर घरातली जुनी ट्रंक उघडा. आमच्याकडे आजोबांचं टीव्हीच्या लायसन्सचं पुस्तक अजून आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या, आत दरवर्षीची तिकिटं चिकटवलेली आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का. टीव्ही बघायचे पैसे लोक पोस्टात भरायचे, मंत्रालयात नाही. केंद्र सरकारची मालकी कधी बदललीच नाही, फक्त वरची पाटी बदलली, आधी आकाशवाणी, मग दूरदर्शन, आणि १९९७ पासून प्रसार भारती. आणि असलं काहीतरी ऐकून सातवीतली पोरगी स्टेजवरून 'आपलं हिसकावलं' म्हणून ओरडणार, टाळ्या पण पडणार, याचा राग येतो मला.

हां, १९८२ चं थोडं खरं आहे, मान्य करते. १५ ऑगस्ट १९८२ ला उपग्रहावरून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला, आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. मराठी कार्यक्रम संध्याकाळच्या तुकड्यात कोंबले गेले ही तक्रार आमच्या घरात पण होती, आणि रास्त होती. पण ते फक्त मुंबईचं नाही झालं, मद्रास-कलकत्त्याचं पण तेच झालं. आणि पळवापळवीच म्हणायची तर मुंबईच्या दुसऱ्या चॅनेलबद्दल बोला ना! १ मे १९८५ ला, बरोब्बर महाराष्ट्र दिनी, सुरू झालेलं, १९९३ ला उपग्रहाने जोडून त्याचं 'डीडी मेट्रो' चॅनेल केलं आणि २००३ ला तिथे डीडी न्यूज आणून बसवलं. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

शंभर टक्के मराठी? तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' मुंबईचंच होतं, गुजराती कार्यक्रम पण व्हायचे. 'गजरा' आणि 'आमची माती आमची माणसं' होते म्हणून बाकीचे नव्हते असं नाही होत.

राहिले पुलं. ते टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी होते हे खरं, पण ते दिल्लीत, १९५९ च्या त्या पहिल्या केंद्राच्या वेळी. म्हणजे ज्या दिल्लीला फॉरवर्ड शिव्या घालतोय तिथेच आपला माणूस बसला होता!

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन तास शांतता, मग आत्याचा रिप्लाय, 'बरं बाई. पण मग पुलंचं अर्धं तरी खरं ना?'

हो आत्या, अर्धं खरं.