मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवरचे राज्यशास्त्र

माझ्या भाचीला यंदा बारावीला विज्ञान शाखेत उत्तम गुण मिळाले आणि तिने नागपुरातच राहून राज्यशास्त्रात बी.ए. करायचे ठरवले. त्यावरून प्रतापनगरला ताईच्या घरी जी चर्चा पेटली ती फोनवरून बर्लिनपर्यंत माझ्याकडे आली, कारण आमच्या घरात या विषयाची पदवी घेतलेली मी एकटीच आहे. भाऊजी म्हणतात, एवढे गुण मिळवून कला शाखेला जाणे म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालणे. ताई म्हणते, पुढे यूपीएससी, एमपीएससी करायची असेल तर राज्यशास्त्राचा फायदाच होईल. दोघेही शेवटी मला म्हणाले, "तू बाहेर राहून सगळे पाहतेस, आता तूच सांग."

मला दोघांचेही पटले नाही. भाऊजींची काळजी पगाराची आहे आणि ती खोटी नाही. पण ताईचा युक्तिवाद, जो आज नागपुरातल्या असंख्य घरांत या विषयाच्या बाजूने केला जातो, तो मला अधिक खटकतो. नागरी सेवा परीक्षेतून दरवर्षी हजाराच्या आसपास उमेदवार निवडले जातात आणि अर्ज लाखोंनी येतात. तीन वर्षांच्या अभ्यासाचे सार्थक त्या निवडीवरच टांगून ठेवले, तर बाकीच्या लाखोंच्या पदरात त्या अभ्यासाने काय टाकले, हे कोणी विचारतच नाही. अभ्यासही मग तसाच होतो: टिपा, व्याख्या, अनुच्छेदांचे क्रमांक आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे गाईड.

जर्मनीत सगळे याहून चांगले आहे असे सांगायला मी बसलेले नाही. "राज्यशास्त्र शिकून टॅक्सी चालवणार का?" हा टोमणा इथलाही जुनाच आहे. शिवाय बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसल्यामुळे इथल्या मुलाने विषय निवडताना पत्करलेला धोका आणि ताईच्या घरातला धोका सारखा नाही. हा फरक विसरून परदेशातून सल्ले देणे मला योग्य वाटत नाही. तरीही एक गोष्ट अशी आहे, जी मी इथे येईपर्यंत मला कळली नव्हती आणि जिला नागपुरात एक रुपयाही जादा लागणार नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या महाविद्यालयातल्या अंतर्गत परीक्षेत 'नागपूर करार', म्हणजे विदर्भाने मराठी राज्यात यावे यासाठी नेत्यांनी केलेला करार, यावर टीप लिहायची होती. २८ सप्टेंबर १९५३ ही तारीख, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत वाटा, शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येण्याचे आणि विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन इथे घेण्याचे आश्वासन, हे सगळे मी लिहिले. त्यापुढे मी आणखी दोन परिच्छेद लिहिले. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली असताना विदर्भ मुंबई राज्यात का गेला, प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजलेला अनुशेष, म्हणजे विकासात साचलेली तूट, हा करारभंगाचा पुरावा मानायचा की नियोजनाच्या अपयशाचा, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचे त्यावर काय उत्तर असू शकते, असे ते परिच्छेद होते. पेपर परत मिळाला तेव्हा त्या दोन्ही परिच्छेदांवर लाल शाईची तिरपी रेघ होती, समासात 'विषयांतर' असे लिहिले होते आणि दहापैकी चार गुण होते. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत मी एकाही उत्तरात दुसरी बाजू लिहिली नाही.

बर्लिनला एम.ए.साठी आले तेव्हा संघराज्य या विषयावरचा एक वर्ग बी.ए.च्या मुलांबरोबर करावा लागला. जर्मनीत श्रीमंत राज्यांकडचा महसूल गरीब राज्यांकडे वळवण्याची जुनी व्यवस्था आहे. तिच्यात सर्वांत जास्त देणारे राज्य बव्हेरिया आणि घेणाऱ्यांत बर्लिन कायम पुढे. बव्हेरिया आणि हेसे ही राज्ये २०१३ मध्ये याविरुद्ध घटना न्यायालयात गेली होती. त्या वादावर वर्गात बोलायचे होते आणि प्राध्यापिकेने प्रत्येकाला त्याच्या मताच्या उलट बाजू दिली. अनुशेष हा शब्द ऐकतच लहानाची मोठी झालेली मी, वीस मिनिटे बव्हेरियाची वकिली करत उभी होते. आम्ही कमावतो आणि खर्च दुसराच करतो, असे म्हणणाऱ्या राज्याचेही ऐकण्यासारखे काही असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटले. विदर्भाबद्दलचे माझे मत त्याने बदलले नाही, पण ते मांडताना समोरच्याचा कोणता मुद्दा मला खोडून काढायचा आहे, हे मात्र नीट कळू लागले.

या पद्धतीमागे एक इतिहास आहे. १९७६ मध्ये श्टुटगार्टजवळच्या बॉयटेल्सबाख या लहानशा गावात राजकीय शिक्षणाच्या जाणकारांची बैठक झाली आणि तिच्यातून तीन सूत्रे पुढे आली. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्याच्या गळी उतरवायचे नाही. समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या हिताचा विचार करता येईल इतके सक्षम करायचे. हा कायदा नाही, केवळ सहमती आहे, आणि मुख्यतः ती शाळांसाठी आहे. तिच्यामुळे कटकटीही होतात. एका उजव्या पक्षाने २०१८ मध्ये हाम्बुर्गमध्ये शिक्षकांविरुद्ध तक्रारी नोंदवण्याचे पोर्टल उघडले, तेव्हा दुसरी बाजू मांडणे आणि शिक्षकाचे तोंड बंद करणे यांतली सीमा कोणती, यावर देशभर वाद झाला. हा धोका आपल्याकडे तर अधिकच आहे, कारण वर्गातले एखादे वाक्य मोबाइलवर चित्रित होऊन शहरभर फिरायला एक संध्याकाळ पुरते. प्राध्यापक गाईडच्या चौकटीत राहणे का पसंत करतात, हे मी समजू शकते.

पण नागपूरच्या विद्यार्थ्याजवळ जे आहे ते बर्लिनच्या विद्यार्थ्याला सहसा पुस्तकातच भेटते, आणि हे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे विधानभवनापर्यंत पोहोचण्याआधी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात. बर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून मी तीन वर्षे ये-जा केली त्याला गोवारी शहिदांचे नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती आणि वाद यादीतल्या 'गोंड गोवारी' या दोन शब्दांच्या नोंदीचा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अनुच्छेद ३४२ नुसार ती यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. मग अर्ज घेऊन माणसे राज्याच्या विधानभवनावर का आली, राज्य सरकारच्या हातात नेमके काय होते, नोंदीचा अर्थ कोण लावणार, पोलीस मोर्चा कोणत्या अधिकाराने अडवतात? संघराज्य, प्रतिनिधित्व, न्यायालयांची मर्यादा, सगळे या एका दिवसात आहे. अनुच्छेद ३४२ मी पाठ केला होता. त्या पुलाशी त्याचा संबंध आहे हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

नागरिकत्वाची व्याख्याही मी अशीच पाठ केली होती. आज मी बर्लिनमधल्या एका सल्लाकेंद्रात स्थलांतरितांना कागदपत्रांसाठी मदत करते, इथे कर भरते, आणि भारतीय पासपोर्ट असल्यामुळे माझ्या वस्तीच्या निवडणुकीतही मला मत नाही. भारतात, निवडणूक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीमुळे, माझे नाव मतदार यादीत येऊ शकते, पण मत द्यायला प्रतापनगरच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. कामावरून घरी जाताना हे मनात येते तेव्हा त्या पाठ केलेल्या व्याख्येतला एकेक शब्द जड वाटतो. सल्लाकेंद्रातली माझी नोकरी मला या पदवीनेच मिळाली, हे भाऊजींसाठी मुद्दाम लिहिते. पगार अभियंत्याच्या निम्माही नाही, हेही लिहिते.

भाचीने प्रवेश घेतला आहे. मी तिला नागपूर कराराची कलमे पाठवली आणि अधिवेशन सुरू झाले की तास संपल्यावर टी-पॉइंटला जाऊन निवेदनांच्या प्रती मागून घे, असे सांगितले. परवा तिचा फोन आला. "मावशी, पेपरात दोन्ही बाजू लिहिल्या तर आताही गुण कापतात का?" मी म्हटले, पहिल्याच आठवड्यात सरांना वर्गात, सगळ्यांसमोर विचार, आणि ते काय म्हणतात ते मला कळव.